मिठीकाठच्या जुन्या चाळीत बिऱ्हाड मांडताना

नोकरीसाठी साताऱ्या-कोल्हापुराकडून किंवा कोकणातून मुंबईत येणाऱ्या आपल्या मंडळींना परवडणारी खोली बहुधा जुन्या वस्तीतच मिळते, आणि ती कुर्ला, सायन, धारावी किंवा माहीम या पट्ट्यात मिळाली तर मिठी नदी किंवा तिला मिळणारा एखादा नाला हाकेच्या अंतरावर असतो. या पट्ट्यात बरीच वर्षे राहिलेला माणूस म्हणून मी हे लिहीत आहे. भाडे, पाण्याची वेळ आणि स्टेशनचे अंतर या गोष्टी नवीन माणूस स्वतःहून विचारतो. झुरळे, ढेकूण आणि उंदीर यांची चौकशी मात्र सामान लावून झाल्यावर सुरू होते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. गावाकडच्या घराला बहुधा स्वतःच्या भिंती आणि भोवती मोकळी जागा असते. चाळीतील खोलीच्या दोन भिंती शेजाऱ्यांच्या असतात, छत वरच्या बिऱ्हाडाचे असते आणि मोरीचे सांडपाणी सगळ्यांच्या मिळून एकाच पाइपातून खाली जाते. त्यामुळे येथील कीड एका खोलीची नसते, ती इमारतीची असते. आपण एकट्याने औषध फवारले की ती भिंतीपलीकडे सरकते आणि काही दिवसांनी त्याच फटींतून परत येते. म्हणून खोली ठरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोलावे, आणि शक्य असल्यास खोली रात्री, दिवे लागल्यावर पाहावी. मोरीला जाळी आहे का, पाइप भिंतीत शिरतो तेथे फट आहे का, पोटमाळ्यावर लेंड्या दिसतात का, हे पाहावे. दाराची चौकट बोटाने ठोकून पाहावी. आवाज पोकळ आला किंवा लाकडावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर आत वाळवी आहे. जुन्या इमारतीत वाळवी तुळयांपर्यंत पोचलेली असू शकते आणि तो प्रश्न भाडेकरूच्या हातचा नाही. तो घरमालकाच्या किंवा चाळ कमिटीच्या कानावर घालावा आणि अशी खोली शक्यतो सोडून द्यावी.

झुरळे येथे मुख्यतः दोन प्रकारची आढळतात. मोठे, तांबूस झुरळ गटारातून आणि मोरीच्या पाइपातून वर येते. त्याच्यासाठी मोरीला बारीक जाळी बसवणे आणि रात्री मोरीचे भोक झाकून ठेवणे पुष्कळ उपयोगी पडते. लहान, फिकट तपकिरी झुरळ मात्र घरातच राहते आणि मिक्सरच्या खाली, फ्रिजच्या मागे, गॅसच्या ओट्याच्या सांध्यांत वाढते. त्याची मादी अंड्यांची पिशवी पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतापर्यंत अंगावरच वागवते आणि एका पिशवीत सुमारे तीस ते चाळीस अंडी असतात, त्यामुळे थोडी झुरळे उरली तरी काही महिन्यांत ती पूर्ववत होतात. या लहान झुरळांवर फवारणीपेक्षा जेलचे आमिष अधिक परिणामकारक ठरते. जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांत आणि फटींत लावावेत आणि त्या जागी स्प्रे मारू नये, कारण स्प्रेच्या वासाने झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. रात्री ओटा कोरडा करणे आणि खरकटी भांडी न ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, पाण्यावाचून तितके काढू शकत नाही.

ढेकणांचा त्रास सर्वाधिक होतो तो कॉट-बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एका खाटेचे भाडे देऊन राहणाऱ्या मुलांना. ढेकूण गादीच्या शिवणीत, लाकडी खाटेच्या सांध्यात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागेसुद्धा लपतो, फक्त रक्तावर जगतो आणि खायला न मिळताही कित्येक महिने तग धरतो. त्याच्यामुळे आजार पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु झोप उडते आणि अंगाला खाज सुटते. जुनी खाट किंवा गादी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये; ढेकूण घरात येण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. कपडे आणि चादरी कडकडीत गरम पाण्यात धुवाव्यात आणि लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. रॉकेल ओतण्याची जुनी पद्धत चाळीच्या अरुंद खोलीत आगीला निमंत्रण देणारी आहे, ती पूर्णपणे टाळावी. औषध मारून घेतले तर दहा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी अवश्य घ्यावी, कारण पहिल्या फेरीत वाचलेल्या अंड्यांतून तोपर्यंत पिल्ले बाहेर आलेली असतात. शेजारच्या खोलीत ढेकूण असताना आपल्याच खोलीत औषध मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

उंदरांविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मुंबईत हा प्रश्न केवळ नासधुशीचा नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली आणि तिने शहराची वस्ती, आरोग्यव्यवस्था आणि घरबांधणी यांचा विचारच बदलला. १८९८ साली शहरातील दाट वस्त्या सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो त्यातूनच. आज भीती लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाची आहे. घरात फिरणारा काळपट उंदीर वेगळा आणि गटाराच्या कडेला बिळे करणारी घूस वेगळी. घूस पायाखालची जमीन पोखरते, आणि दोन इमारतींमधील घरगल्लीत कोणी खिडकीतून कचरा टाकत असेल तर तेथे तिची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होते. चिचुंद्रीला मात्र उंदीर समजून मारू नये. ती मुख्यतः किडे आणि झुरळे खाते.

बिळे बुजवताना सिमेंटमध्ये काचेचे तुकडे किंवा तारेचा काथ्या घालावा, कारण नुसती माती किंवा कापडाचा बोळा उंदीर एका रात्रीत काढतो. दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारावी. घरगल्ली साफ होत नसेल तर चाळ कमिटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. तेथील कीटकनाशक विभाग बिळांमध्ये औषध टाकण्याचे आणि उंदीर मारण्याचे काम करतो. एका भाडेकरूच्या तोंडी तक्रारीपेक्षा सर्वांच्या सह्यांच्या अर्जाची दखल लवकर घेतली जाते.

विषाच्या बाबतीत माझे मत कठोर आहे. पिवळा फॉस्फरस असलेली उंदीर मारण्याची पेस्ट घरात आणूच नये. तिने यकृत निकामी होते आणि तिच्यावर उतारा नाही. धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलसर हवेत विषारी वायू सोडतात, आणि चाळीत तो वायू भिंतीच्या फटींतून शेजाऱ्याच्या झोपलेल्या मुलांपर्यंत पोचू शकतो. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि लहान मूल असताना पिंजरा हेच योग्य साधन आहे. सोंड्यांसाठी डाळ-तांदळात पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची सवय असल्यास तीही सोडावी. धान्य थोडे थोडे आणावे, उन्हात वाळवावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कडुलिंबाच्या पाल्यासह ठेवावे.

पावसाळ्यात डासांचे खापर सगळे नदीवर फोडतात, ते अर्धेच खरे आहे. मिठीच्या आणि नाल्यांच्या घाण पाण्यात होणारा क्युलेक्स डास रात्री छळतो. डेंग्यूचा एडिस डास मात्र आपल्याच पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मलेरियाचा अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्साय गच्चीवरच्या उघड्या टाक्यांमध्ये आणि विहिरींत होतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागत असल्याने आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे. घासणे आवश्यक आहे, कारण एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

पेस्ट कंट्रोलवाला बोलावताना कीटकनाशक अधिनियम १९६८ खालील परवाना पाहावा, कोणते औषध वापरणार ते लिहून घ्यावे आणि फवारणीनंतर खोली किती तास बंद ठेवायची ते विचारावे. संपूर्ण मजल्याने मिळून वर्षाचा करार केला तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च कमी येतो आणि कामही टिकते.

अखेरची सूचना पुराची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठीचे पाणी घराघरांत शिरले आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातील जंतू पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात जातात. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, तेव्हा ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. त्यानंतरच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.