मागच्या अ‍ॅक्सलवरचे रंगाचे ठिपके पुसण्याआधी

जुनी प्रीमियर पद्मिनी (कुर्ल्यात बनायची ती फियाट) दुरुस्तीला घेतली की आधी हात शिवशिवतात ते धुण्यासाठी. माझेही शिवशिवले. प्रेशरच्या पाण्याने मागचा अ‍ॅक्सल लख्ख झाला, आणि डिफरन्शियलच्या गोळ्यावर (मधला फुगीर भाग, ज्यात चाकं फिरवणारे गिअर असतात) हिरव्या रंगाचा एक फटकारा होता तो गटारात गेला. फोटोसुद्धा काढला नव्हता.

हे फटकारे असतात कशासाठी? कारखान्यात जोडणी होताना बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला, तपासनिसाने पाहिला, की त्यावर ब्रशचा ठिपका. काही कारखान्यांत रंगाचा पट्टा गिअर रेशो सांगायचा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो ते. एकसारखे दिसणारे अ‍ॅक्सल रांगेत असताना चुकीचा उचलला जाऊ नये म्हणून. खडूने किंवा मेणकांडीने लिहिलेले आकडेही सापडतात. कोणता रंग कशाचा, हे ज्या त्या कारखान्याचं आपापलं. अमेरिकन गाड्यांचे तक्ते सहज मिळतात, ते कुर्ल्यात बनलेल्या गाडीला लावू नका.

आता कामाला लागू. गाडी सपाट जागी घ्या आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो आणि तीच आपण उचलणार आहोत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावायचे. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

काही धुण्याआधी फोटो काढा. दिवसाउजेडी, शेजारी पांढरा कागद धरून, म्हणजे नंतर रंग ओळखताना फसगत होत नाही. ग्रीस आणि चिखलाचा जाड थर दिसला तर खूश व्हा. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात खालचा रंग टिकलाच असेल तर त्या घाणीमुळे. थर लाकडी पट्टीने हळूहळू सोलायचा. तारेचा ब्रश लांब ठेवा. मग भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. रॉकेल सगळ्यात शेवटी आणि तेही कापडाला लावून, कारण मेणकांडीचे आकडे रॉकेलने विरघळतात. थिनर नकोच.

खूण दिसली, आता ती कंपनीची की नंतरची? इथे घाई करू नका. खूण मूळ काळ्या रंगाच्या वर आणि जुन्या घाणीच्या खाली असेल तर कारखान्यातली असण्याची शक्यता बरीच. गंजावर किंवा टवका उडालेल्या उघड्या लोखंडावर बसलेला रंग मात्र नंतरचाच. नटावरून हाऊसिंगवर (बाहेरच्या कवचावर) गेलेली रेघ तुटलेली असेल, तर तो नट कधीतरी फिरलाय. अ‍ॅक्सल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सुटा आणला असेल तर पिवळ्या रंगातला ठळक आकडा बहुधा भंगारवाल्याचा हिशोब असतो. टॅक्सीतून निघालेल्या अ‍ॅक्सलवर तर गॅरेजागणिक एक थर!

पट्ट्यावर विसंबून रेशो सांगू नका, मोजा. गाडी न्यूट्रलमध्ये, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा) खडूची रेघ. दोघांनी दोन्ही मागची चाकं एकदम, सारख्याच वेगाने एक पूर्ण फेरा फिरवायची आणि तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. पिनियनला (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) 10 आणि क्राउनला (त्याने फिरणारा मोठा गिअर) 41 दात असतील तर शाफ्ट 4 फेऱ्यांहून किंचित जास्त फिरेल.

बटर पेपरवर खुणांची जागा उतरवून घेतल्याशिवाय रंगकाम सुरू करू नका. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांतही गाडी मूळ रूपात असण्याला महत्त्व आहे. चांगली टिकलेली खूण तशीच ठेवून भोवतीच रंगवलेलं मला जास्त आवडतं. ते जमणार नसेल तर गंज काढा, रेड ऑक्साइडचा पहिला हात, आणि त्यावर कमी चमकीचा काळा. आरशासारखा चकचकीत अ‍ॅक्सल लग्नातल्या बँडच्या बुटांसारखा दिसतो.

काळा रंग पूर्ण वाळला की खुणा परत काढा, पण फक्त ज्या सापडल्या त्याच. मास्किंग टेप लावून सरळ कडा आणल्यात तर खोटेपणा लगेच उघडा पडतो. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाचा हात होता तो: अर्धा इंची ब्रश, भरपूर रंग, एक फटका, पुढचा अ‍ॅक्सल. ओघळ आला तर येऊ द्या.