रातराणीच्या ड्रायव्हरचं पोट

27 वर्षं ट्रॅव्हल्सची गाडी चालवली, जास्त करून पुणे-नागपूर. गाडीचं इंजिन ठणठणीत, माझा कोठा जाम. चूक माझीच. पहाटे कारंजा ओलांडलं की कळ यायची. मागे तीस माणसं गाढ झोपलेली, म्हणून दाबायचो. दाबलेली कळ लवकर परत येत नाही. मळ आत पडून राहतो, मोठं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं आणि खडा होतो. मग बसा कुंथत.

म्हणून आधी वेळ बांधा, औषधाचं नंतर. पोटात काही गेलं की आतडं हलायला लागतं, झोपेतून उठल्यावर तर जास्तच. रात्रपाळीवाल्याची सकाळ दुपारी दोनला होत असेल तर दोनला. उठल्यावर पाणी, चहा, दोन घास काहीतरी आणि अर्ध्या तासात जाऊन बसायचं. दहा मिनिटं, मोबाईल बाहेर. नाही झाली तर उठायचं. कमोड असेल तर पाय उंचावर हवेत, गुडघे कमरेच्या वर. मी दोन विटांवर जुना पाट ठेवलाय. बायको हसली होती, आता तीही वापरते.

आता इसबगोल. पहिल्यांदा मी चमचाभर भुसा कोरडाच तोंडात टाकला आणि वर दोन घोट पाणी. छातीत गोळा अडकल्यासारखं झालं, पुढचे दोन दिवस पोट दगड. नंतर घरी थोडा भुसा वाटीत भिजवून बघितला. बघता बघता सगळं पाणी पिऊन बुळबुळीत गोळा झाला, वाटी उपडी केली तरी पडेना. पोटातही तो हेच करतो. पाणी तुम्ही द्यायचं. मोठ्या पेल्यात 1 चमचा, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला. आडवं होण्याच्या तोंडावर नको. बाकीच्या गोळ्या दोन तासांच्या अंतराने. घास गिळताना अडकत असेल तर याच्या वाटेला जाऊच नका. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, पहिल्याच रात्री चमचे वाढवू नका.

ढाब्यावर रोज शेवभाजी आणि मैद्याची रोटी चापून वर इसबगोल घेण्यात अर्थ नाही. भाकरी मिळते, मागा. डब्यात पालेभाजी, मूग, बियांसकट पेरू. पण सवय नसेल तर हळूहळू वाढवा. मी एकदम मटकी सुरू केली आणि केबिनमध्ये क्लीनर नाकाला रुमाल लावून बसला. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, त्रास कमी होतो. आणि थांबावं लागेल म्हणून पाणी तोडू नका. लघवी पिवळीजर्द झाली की समजायचं, कमी पडतंय.

रक्त पडतंय, शौच डांबरासारखी काळी होतेय, वजन आपोआप उतरतंय किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदललीय, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून घरी बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, तर त्याच घडीला.

शेवटची काही वर्षं मी कारंज्याच्या पुढे बिनधास्त पंपावर गाडी घ्यायचो. पाच मिनिटं पॅसेंजर कुरकुरायचे. मग एकेक करत अर्धी गाडी खाली.