बागेभोवती जाळरेषा कशी काढायची: सड्यावरच्या आणि उतारावरच्या जमिनीसाठी

भात घरात आलं, दिवाळी झाली की कोकणात सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत पिवळं पडायला लागतं आणि तिथून पार पावसापर्यंत वणव्याचे दिवस. ज्याची आंबा-काजू रानाला लागून आहे त्याने जाळरेषा काढायलाच हवी, यात चर्चेला जागाच नाही. आणि जाळरेषा म्हणजे आग बागेत येऊ नये म्हणून गवत-पाचोळा काढून साफ केलेला फक्त पट्टा, सगळं रान नव्हे. "सडा पेटवून दे, पुढच्या वर्षी गवत झकास येतं" असं सांगणारे दरवर्षी भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका. अख्खा सडा जळला की जमिनीवर अंडी घालणारी टिटवी, चंडोल, करवंदीच्या जाळ्या, नुकती रुजलेली ऐन-किंजळीची रोपं सगळं जातं आणि कातळाच्या भेगेत मुळांनी धरून ठेवलेली मूठभर माती पहिल्या पावसात थेट पऱ्यात (ओढ्यात).

वेळ नोव्हेंबर-डिसेंबर, मोहर फुटायच्या आत. गवत वाळायला लागलेलं हवं पण मुळाशी थोडं ओलं. फेब्रुवारीत जाग येऊन माचिस हातात घेणाऱ्यांनी जाळायचं नाव काढू नये, नुसतं कापून उचलावं.

आधी हद्दीवरून एक चक्कर मारा. पायवाट, गाडीरस्ता, उघडा कातळ, पऱ्या, जिथे गवत मुळातच नाही तिथून रेषा न्या, मेहनत निम्मी होते. पट्ट्याची रुंदी सपाटीला १०-१२ फूट पुरते, उताराला मात्र बागेच्या खालच्या अंगाला २० फूट तरी ठेवा कारण आग चढावर धावते. गडगा (दगडी कुंपण) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चिऱ्यांच्या फटीत पातेरा (वाळका पाचोळा) भरलेला असतो आणि आग त्यातून आरामात आत येते. बागेवरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांच्या खाली आणि खांबाभोवतीही साफ करा, तारा घासून ठिणगी पडते.

मग पट्टा कापायचा. ग्रासकटर चालतो, कातळावर दगड उडतात म्हणून तिथे विळाच बरा. कापलेलं गवत वैरणीला न्या नाहीतर कलमांना आच्छादन करा, फक्त खोडाला चिकटवू नका. जे नेता येईल ते जाळू नका, हे माझं ठाम मत आहे.

आता जाळायचा टप्पा. सगळ्यात जास्त त्रास मलाही यानेच दिला आणि बरेच वणवे "जाळरेषाच काढत होतो" असं म्हणणाऱ्यांच्या हातूनच सुटतात, म्हणून हे नीट वाचा.

आपल्याकडे थंडीत पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हळू. सकाळ चढली की तो पडतो आणि दुपारच्या सुमारास खारा वारा सुटतो, उलट्या दिशेने आणि जोरात. म्हणजे सकाळी जी बाजू सेफ वाटते तीच दुपारी घातक. म्हणून पट्ट्याबाहेरच्या गवतावर दव असताना सुरू करायचं आणि ९-१० वाजेपर्यंत शेवटची काडी. "संध्याकाळी लावा, गारवा असतो" हा सल्ला मला मुळीच पटत नाही, तेव्हा वारा दिशा बदलत असतो, अंधार पडतो आणि गड्यांना घरी जायची घाई असते.

पेटवायच्या आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा दोन-तीन फूट दाताळ्याने पार मातीपर्यंत खरवडून घ्या, पातेऱ्याचं एक पानसुद्धा नको. जाळायचं ते फक्त मधलं. वारा जिकडे चाललाय त्या टोकाला काडी लावायची म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते, ज्वाळा गुडघ्याच्या वर जात नाही. उताराला वरून लावायचं, खाली सरकत येते. आणि वारा एक सांगतो, उतार दुसरंच सांगतो असं झालं तर (समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगराला हे हमखास होतं, सकाळचा वारा पण खालीच चाललेला असतो) तिथे जाळायचंच नाही, कापून उचलायचं, कोणी कितीही आग्रह केला तरी.

एका वेळी १५-२० पावलंच. ती विझली की पुढची. चार माणसं हवीत: एक लावणारा, दोघे ओल्या डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना, एकाच्या पाठीवर पाण्याने भरलेला फवारणी पंप. कपडे सुती घाला, नायलॉन अंगाला चिकटतं. आगीच्या वरच्या अंगाला कोणीही उभं राहायचं नाही.

ज्वाळा गेली म्हणजे आग विझली असं नाही. गुरांचं वाळलेलं शेण, जुने खुंट, कातळाच्या भेगेतली मुळं आतल्या आत धुमसत राहतात, वरून नुसती राखाडी राख दिसते आणि दुपारी खारा वारा लागला की त्यातून ठिणगी उडते. पट्ट्यावर चालत जाऊन प्रत्येक खुंटाजवळ हाताची मागची बाजू धरून धग बघा, शेणाचा पो काठीने फोडून पाणी मारा. खारा वारा सुटून दोन तास होईपर्यंत एक माणूस तिथेच बसला पाहिजे. पेज, चहा जागेवर आणून द्या पण त्याला उठवू नका.

शेजारी राखीव जंगल असेल तर आधी वनरक्षकाला भेटा. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, शिवाय त्यांच्या रेषेला आपली जोडता आली तर दोघांचं काम होतं. शेजारच्या बागवाल्यालाही आदल्या दिवशी सांगा. वणवा हाताबाहेर जातोय असं दिसलं तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, हा नंबर मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

एकदा काढली की झालं असं समजू नका. जानेवारीनंतर पानगळ होऊन पट्ट्यावर पुन्हा पातेरा साचतो, तो दर पंधरा दिवसांनी खराट्याने बागेच्या आतल्या अंगाला ओढून घ्यायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये आसपास भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) सुरू व्हायच्या आधी एकदा नक्की.