गाडीच्या रंगाची खोल चकाकी: धूळ आणि जड पाण्याच्या मुलखात

शोरूममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीच्या बोनेटमध्ये समोरच्या झाडाची फांदी स्पष्ट दिसते. दोन उन्हाळे गेले की त्याच बोनेटवर ऊन पडताच कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल रेघा चमकू लागतात. रंग उडालेला नसतो. आजच्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी साधारणपणे 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही कमी असते. या थराच्या सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परतला तर रंगाला खोली येते, आणि ओरखड्यांमुळे तो इकडेतिकडे विखुरला तर तोच रंग धुरकट दिसू लागतो. त्यामुळे मेण आणि कोटिंग यांचा विचार अगदी शेवटी करावा. चकाकीचा मोठा भाग धुण्यात ठरतो, आणि आपल्या मराठवाड्यात तर अधिकच.

रस्त्यांची कामे, खडी क्रशर आणि उन्हाळ्यातील वावटळी यांतून उडणाऱ्या आपल्याकडच्या धुळीत काळ्या बेसाल्टचा चुरा मोठ्या प्रमाणावर असतो आणि तो क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. सकाळी कामावर निघताना कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू गाडीवरून फिरवण्याची सवय घरोघरी आहे, आणि त्या गोल रेघांपैकी बहुतेक याच सवयीतून जन्माला येतात. साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, काजळी गाड्यांवर बसते. ती बोटाने पुसून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी पाण्याने वाहू द्यावी.

गाडी धुण्यासाठी सकाळची वेळ आणि सावली निवडावी. बोनेटवर तळहात ठेवला असता ते गार लागले पाहिजे, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी पाहता पाहता वाळते व डाग मागे ठेवते. प्रथम नुसत्या पाण्याने सैल धूळ वरून खाली वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीसाठीचा सौम्य शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी, एक भाग धुऊन झाला की तो साध्या पाण्यात खळबळून घ्यावा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेली रेती पाहिली की ती कोठे घासली जाणार होती हे वेगळे सांगावे लागत नाही. चाके आणि दारांचा खालचा भाग शेवटी, निराळ्या फडक्याने धुवावा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने आधी लावलेले मेण निघून जाते.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, त्यामुळे थेंब वाळला की पांढरे वर्तुळ उरते आणि ते उन्हात तापत राहिले की क्लिअर कोटला हळूहळू कोरते. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी गाडी धुण्यासाठी साठवतात. काटकसरीची ही भावना आदराची आहे, परंतु त्या पाण्यात क्षार मूळ पाण्याहून अधिक दाट झालेले असतात. ते फरशीला वापरावे, रंगाला नव्हे. बोअरच्या पाण्याने धुणे अपरिहार्य असेल, तर शेवटचे पाणी आरओचे शुद्ध किंवा साठवलेले पावसाचे वापरावे आणि थेंब वाळण्यापूर्वी जाड, मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्यावे. ताजे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, मिनिटभर ठेवून, लगेच धुतल्यास निघतात. त्यानेही न जाणारा डाग थरात उतरलेला असतो आणि त्याला पॉलिशच लागते.

जेथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे रिन्सलेस वॉश नावाचा द्रव मोठाच आधार ठरतो. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात तो बादलीभर पाण्यात मिसळला की तेवढ्यात हलकी धूळ बसलेली संपूर्ण गाडी स्वच्छ होते आणि पुन्हा पाणी ओतावे लागत नाही. मात्र शेतातील काळ्या चिखलाने भरलेल्या गाडीवर हा उपाय करू नये.

धुतलेल्या गाडीवरही काही चिकटून राहते. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे बोनेटवरून हळूच फिरवली की उघड्या हाताला न जाणवणारा खरखरीतपणा लगेच जाणवतो. जालन्यासारख्या पोलादाच्या गावात किंवा रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे सूक्ष्म कण रुतून बसतात. त्यांच्यासाठी मिळणारा आयर्न रिमूव्हर फवारला की हे कण जांभळे होऊन ओघळू लागतात. तो वाळू न देता धुवावा आणि मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, घ्यावी. क्लेची वडी चपटी करून, पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने निसरडा ठेवून, जोर न लावता सरळ रेषेत फिरवावी व मळली की दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी, कितीही नवी असली तरी.

आता ओरखड्यांकडे वळता येते. अनेक गॅरेजांत ‘रबिंग-पॉलिश’ या नावाखाली लोकरी पॅड लावलेले वेगवान बफिंग मशीन आणि जाडसर कंपाउंड, म्हणजे रंगाचा थर घासणारी पेस्ट, वापरले जाते. गाडी त्या दिवशी लखलखते, परंतु पॉलिशमधील तेलांनी ओरखडे भरलेले असतात. काही धुण्यांनंतर ते उघडे पडतात आणि सोबतीला मशीनचे वळसेही उन्हात दिसू लागतात. शिवाय प्रत्येक कंपाउंड क्लिअर कोटचा थोडा अंश कायमचा नेते. एवढ्या पातळ थरावर ही चैन वारंवार परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी काम करणाऱ्याने ड्युअल अॅक्शन पॉलिशर घ्यावा. त्याचे पॅड फिरता फिरता डोलते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि रंग जळण्याचा धोका बराच कमी होतो. कडा, उठावाच्या रेषा आणि प्लास्टिकच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडांवर थर सर्वांत पातळ असतो. दोन फूट लांब-रुंद चौकोन निवडून आधी सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅडने प्रयोग करावा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात; मशीन बंद असतानाच ते पसरवावेत, मग संथ गतीने आधी आडवे व नंतर उभे फिरवावे आणि प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी यावी. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने तो भाग पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. तेले निघून गेल्यानंतर जे दिसते तेच खरे. समाधान झाले तर संपूर्ण गाडीला तेवढेच पुरे. न झाल्यास एक पायरी कडक पॉलिश घ्यावे. नखाला अडकणारा ओरखडा मात्र सोडून द्यावा, त्याच्यामागे लागल्यास थरच संपतो. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाडीत पॅडवर रंग उतरतो. त्याने घाबरून जाऊ नये, पण हात आणखी हलका ठेवावा.

संरक्षणाचे काम त्यामानाने थोडक्यात आटोपते. ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण रंगाला ऊबदार खोली देते, विशेषतः काळ्या आणि गडद लाल गाड्यांना, परंतु आपल्या उन्हात ते फार तर महिना-दोन महिने टिकते. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम लेप, त्याहून अधिक काळ राहतो. दोन्ही अगदी पातळ लावावेत आणि बोट फिरवल्यावर स्वच्छ रेघ उमटली की पुसून घ्यावेत. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर वाळून कडक होणारा पारदर्शक लेप, वर्षानुवर्षे टिकू शकते व त्यावरून पाणी आणि धूळ सहज निघते. मात्र ते ओरखडे लपवत नाही, खाली जे असेल ते तसेच बंदिस्त होते, म्हणून त्यापूर्वीचे पॉलिश नीट झालेले असले पाहिजे.

पुढची निगा म्हणजे पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढणे, आणि धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर न चढवणे. दसऱ्याला वाहनपूजेत बोनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते व झेंडूचा हार तारेने बांधला जातो. स्वस्तिक काचेवर काढावे, हार सुती दोऱ्याचा असावा आणि नारळाचे पाणी उडालेला भाग आरती आटोपताच धुऊन टाकावा.