नदीकाठच्या रानात धनुष्य घेऊन बसताय? बाण सोडण्याच्या या चुका टाळा

दर वर्षी गणपतीच्या सुमारास मंडळात कुणीतरी नवा मुलगा भेटतो. नुकतंच रिकर्व्ह, म्हणजे पुढे वळलेल्या टोकांचं साधं धनुष्य घेतलेलं असतं, १५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार असतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, किती यार्डांवरून मारायचं?" कधी मारायचं नाही, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मग नोव्हेंबरात त्यांचेच फोन येतात. बाण लागलाय, रक्त दिसतंय, हरीण सापडत नाही. बारा वर्षं मी मिसूरी नदीकाठच्या सखल रानात बसतोय आणि हे फोन ऐकून आता खरंच थकलोय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती राहायलाच हवी. इथे परवाना आहे, हंगाम आहे, मारलेलं हरीण घरात खाल्लं जातं. पुढचं सगळं इथल्यापुरतंच.

आधी हे रान समजून घ्या. १९९३ च्या महापुरात नदीने बांध फोडले आणि शेतांवर वाळू पसरली. त्यानंतर १९९४ मध्ये इथे 'बिग मडी' हे राखीव क्षेत्र झालं. मी बसतो ती शेतकऱ्याची जमीनही तशाच काठावर आहे. कॉटनवुड, सिल्व्हर मेपल, विलो, खाली कमरेएवढी खाजरी झुडपं. मधूनमधून शाळेच्या भूगोलात वाचलेली नालाकृती सरोवरं, त्यांना इथे 'स्लू' म्हणतात. जखमी हरीण अशा पाण्यात शिरलं की रक्ताचा माग तिथेच संपतो. डोंगरावरच्या मोकळ्या रानात जी चूक कदाचित निभावेल, ती इथे निभावत नाही.

समोरून तिरक्या हरणावर बाण

माझं तिसरं वर्ष. दोरी ओढायला ४८ पौंडांचा जोर लागणारं रिकर्व्ह, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. पहाटेपासून मचाणावर होतो. संध्याकाळी शिंगांना आठ टोकं असलेला नर स्लूच्या काठाने आला आणि १४ यार्डांवर थांबला. छाती माझ्याकडे तिरकी होती. मनात आलं, इतक्या जवळून काय चुकणार, खांद्याच्या जरा मागे लावू. त्या कोनात खांद्यामागे शिरलेला बाण फार तर एका फुप्फुसाला लागतो आणि पुढे कोठ्यात जातो. माझाही तसाच गेला. हरीण उधळलंसुद्धा नाही. पाठीची कमान करून पावलापावलाने झाडीत गेलं. बाण सापडला तेव्हा त्याला हिरवट चोथा चिकटला होता आणि वास येत होता.

तेव्हाच मुकाट्याने घरी जायला हवं होतं. मी अर्ध्या तासात मागावर निघालो. हरीण ६० यार्डांवर बसलं होतं. माझी चाहूल लागताच उठलं आणि पाण्यात उतरलं. रात्री पाऊस झाला. दुसरा दिवसभर मी आणि शेजारचा एक वयस्कर शेतकरी गुडघाभर चिखलात शोधत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला. स्लूपलीकडे विलोच्या मुळाशी ते पडलं होतं आणि कोयोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्या-लांडग्यासारख्या प्राण्यांनी, मागचा भाग खाल्ला होता. शेतकरी मला एक शब्दही बोलला नाही. त्या वर्षी मी पुन्हा मचाणावर चढलो नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. मी हरणाचा पलीकडचा पुढचा पाय बघतो. माझा बाण छातीतून जाऊन त्या पायाच्या आसपास बाहेर पडेल असं दिसलं तरच दोरी ओढतो. म्हणजे हरीण आडवं हवं, किंवा तोंड पलीकडे करून किंचित तिरकं. समोरून तिरकं असेल, नाक माझ्याकडे असेल, मचाणाच्या थेट खाली असेल, तर धनुष्य मांडीवरच राहतं. व्हिडिओत लोक समोरून मारतात, हे मला सांगू नका. न सापडलेल्या हरणांचे व्हिडिओ कोण टाकतं? चरणारं हरीण बहुतेकदा पाच मिनिटांत वळतं. तेवढा धीर नसेल तर बाजारातून मटण आणावं.

कान टवकारलेल्या हरणावर बाण

रिकर्व्हचा बाण सेकंदाला साधारण १८० फूट जातो, आवाज ११०० फूट. २० यार्ड म्हणजे ६० फूट. बाणाला तिथे पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. सावध हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून तरी जातो किंवा मणक्याजवळच्या मांसात रुततो. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षी बनावट होता, तो दचकणार नव्हता. अंगणातलं सरावाचं फोमचं हरीणही दचकत नाही, म्हणून तिथली कामगिरी बघून हुरळून जाऊ नका.

चालत्या हरणाला तोंडाने 'मॅ' करून थांबवायची युक्ती नवे लोक फार वापरतात. हरीण थांबतं खरं, पण स्प्रिंगसारखं ताणून. कंपाउंडवाल्यांना, म्हणजे कप्प्या लावलेलं वेगवान धनुष्य वापरणाऱ्यांना, ते चालत असेल, माझ्या हातातल्या धनुष्याला नाही. मी १५ यार्डांच्या आत, मान खाली घालून चरणाऱ्या हरणाचीच वाट बघतो. शेपूट सैल हलत असावी.

उजेड गेल्यावर

मिसूरीत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी आहे. पण नदीकाठी धुकं लवकर उतरतं आणि मेपलखाली त्याच्याही आधी अंधारतं. पाण्यात चुबुक आवाज होतो, काळी आकृती हलते आणि हात आपोआप दोरीकडे जातो. शरयूच्या काठी घडा भरल्याचा आवाज ऐकून दशरथाने बाण सोडला आणि श्रावणबाळ पडला, ही गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. दशरथाचा नेम अचूक होता, तरीही ते घडलं. या काठांवर बदकं मारणारे येतात, मासे धरणारे येतात, कुणाचा कुत्राही येतो.

माझ्या बाणाची पिसं पिवळी आहेत. ती करडी दिसू लागली की बाण भात्यात जातो, घड्याळात कितीही मिनिटं उरलेली असोत.

बाकीच्या, थोडक्यात

मधे बोटभर डहाळी असली तरी बाण भरकटतो. "फटीतून जाईल" असं वाटलं की थांबा.

मागे दुसरं हरीण उभं असेल तर थांबा. आरपार गेलेला बाण त्यालाही लागतो.

संध्याकाळी गार हवा उताराने पाण्याकडे वाहते आणि आपला वास घेऊन जाते. "आता वास लागणार" म्हणून घाईने सोडलेला बाण मी बरा लागलेला पाहिलेला नाही.

झाडांवर जांभळा रंग म्हणजे मिसूरीत 'आत येऊ नका'. परवानगीशिवाय तिथे मागही काढता येत नाही. हद्दीला लागून मचाण बांधूच नका.

बोटं बधिर झाली असतील, दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येत नसेल, तर दिवस संपला.

नदी चढत असेल तर उतरा. हरीण मिळालं तरी बाहेर कसं काढणार?

आणि सोडलाच असेल तर

फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. तरी अर्धा तास बसा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, चार ते सहा तास थांबा. हिरवट चोथा किंवा वास असेल तर आठ ते बारा तास त्या बाजूला फिरकू नका. पावसाचा अंदाज असेल तर तो दोरी ओढण्याआधी बघायचा असतो.

गेल्या नोव्हेंबरात त्यातल्या एका मुलाचा फोन आला. मी धास्तावूनच उचलला. "दादा, बारा यार्डांवर होतं. दहा मिनिटं. वळलंच नाही हो, तसंच निघून गेलं." आवाज थरथरत होता. कुठल्या वाटेने गेलं ते मी विचारलं. मग उद्या सकाळी वारा कुठून आहे ते दोघांनी मिळून बघितलं.