वर्गात आपली गोष्ट सांगताना : नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी गेली चौदा वर्षे मराठी शिकवतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे कितीतरी घरांना कुलपे लागतात. आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांची वाट पाहतात. अशा वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला मुले शिस्तीची वाटतात. ती बोलतच नाहीत, हे कळायला महिनाभर जावा लागतो.

पहिली दोन वर्षे मी त्यांना "मोकळेपणाने बोला" असे सांगत राहिलो. मग 'माझी आई' हा निबंध दिला, तर गाईडमधली आई सगळ्या वह्यांत उतरली : पहाटे उठून सडा घालणारी, देवपूजा करणारी, शाळेत जाताना डबा देणारी. ज्यांच्या आया त्या वेळी फडात मोळ्या बांधत होत्या, त्यांनीही तेच लिहिले होते.

त्याच आठवड्यात मी त्यांना माझी सहावीतली गोष्ट सांगितली. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'शेती' असे लिहिले होते. प्रत्यक्षात ते मोंढ्यात हमाली करत. एकदा मित्रांबरोबर जाताना पाठीवर पोते घेतलेले वडील समोरून आले आणि मी रसवंतीच्या आडोशाला झालो. त्यांनी मला पाहिले होते. रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत; बुक्कीने कांदा फोडला आणि निम्मा माझ्या ताटात ठेवला. मी तेथेच थांबलो, तात्पर्य सांगितले नाही. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, नंतर तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" मी म्हणालो, "नाही. राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी एका मुलाने सांगितले, की आईचा फोन शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर येतो, काकू स्पीकर लावतात, म्हणून तो दर वेळी "बरं चाललंय" एवढेच म्हणतो. त्यावर आणखी तिघे बोलले, आणि तास संपेपर्यंत मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. पुढे तोच निबंध पुन्हा दिला, तेव्हा एका वहीतले पहिले वाक्य होते, "माझी आई रात्री दोन वाजता उठते, कारण गाडी भरायची असते."

कोणती गोष्ट सांगावी, याचा विचार नव्या शिक्षकाने आधी करावा. "आमच्या वेळी आम्ही दिव्याखाली अभ्यास केला" ही गोष्ट खरी असली, तरी ती ऐकून मुलाला मान खाली घालण्यापलीकडे काही करता येत नाही. गोष्ट लहान असावी, आपण त्यांच्या वयाचे असतानाची असावी आणि तिच्यात आपले काहीतरी चुकलेले असावे. जे दुःख अजून ताजे आहे, ते मात्र वर्गात आणू नये, कारण मग मुलांनाच आपल्याला सांभाळावे लागते. परिपाठाची वेळही यासाठी योग्य नाही. साऱ्या शाळेसमोर बोधकथा शोभते, कबुली नव्हे. गोष्ट संपल्यावर "आता तू सांग" असे कोणालाही म्हणू नये. ज्याला बोलायचे नसेल, त्याला कागदावर लिहू द्यावे, तेही जमत नसेल तर नुसते ऐकू द्यावे. कोणी बोललेच, तर "शाब्बास" म्हणू नये; ते उत्तर नसते.

त्याआधी ओळख लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडणे, पसरलेले कपडे आवरणे, आजाऱ्यापाशी बसणे हे सारे ते स्वतः करत. त्यांच्या गोष्टी मुलांना आपल्या वाटल्या, त्याचे मूळ मला या कामांत दिसते.

माझ्या हातून एक मोठी चूक झाली. एका मुलाने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट मी काळजीपोटी शिक्षक-खोलीत बोलून दाखवली, आणि ती चार दिवसांत दुसऱ्याच तोंडून त्याच्या कानावर गेली. तो मुलगा दहावी होईपर्यंत माझ्याशी कामापुरतेच बोलला.

तरीही "कोणालाच सांगणार नाही" असे वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. इतर संकटांत १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे आणि खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर (आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असते. मी आता पहिल्याच दिवशी सांगतो, "तुम्हाला धोका असेल, तर मला इतरांना सांगावं लागेल; पण आधी तुम्हाला सांगेन आणि मगच जाईन." हे ऐकलेल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत येऊन आपले लग्न ठरल्याचे सांगितले. ती पंधरा वर्षांची होती. तिला सांगून मी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांबरोबर ग्रामसेवकांकडे गेलो. लग्न थांबले, ती यंदा दहावीला आहे.