साथीतले मृत्यू मोजताना या चुका टाळा

कोरोनाने देशात नेमकी किती माणसं नेली? 2021 अखेरचा सरकारी आकडा 4 लाख 81 हजारांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये दिलेला अंदाज 47 लाखांचा, आणि केंद्राचा त्या पद्धतीलाच आक्षेप. पुढची साथ येण्याआधी मोजणी सुधारायची असेल तर सुरुवात गावातल्या मृत्यू नोंदवहीपासून करावी लागेल.

सगळ्यात मोठी गळती नोंदच न होण्याची. मराठवाड्यात घरचा कर्ता गेला की वारस लावायला, सातबाऱ्यावर फेर घ्यायला दाखला लागतो, म्हणून घरचे ग्रामसेवकाकडे जातात. म्हातारीच्या नावावर ना जमीन, ना विमा. तिचं तेरावं होतं, नोंद करायची तेवढी राहून जाते. गावातलं प्रत्येक मरण आशाताईंना ठाऊक असतं. त्यांची यादी आणि नोंदवही दर महिन्याला समोरासमोर ठेवून नावं ताडून पाहा.

ऊसतोड मजुरांचं दुखणं वेगळं. मृत्यू जिथे झाला, नोंद तिथलीच. बीडचा मजूर कोल्हापूरकडे फडावर गेला आणि टोळी नोंद न करताच गावी परतली, तर इथला ग्रामसेवक ती घेऊ शकत नाही. मुकादमाने तिथेच नोंद करून दाखला घेऊन निघावं.

आकडे मांडताना फक्त पॉझिटिव्ह मृत्यू धरू नका. चाचणीविना घरी गेलेले त्यात येतच नाहीत. एकूण मृत्यू घ्या आणि 2015 ते 2019 मधल्या त्याच महिन्यांच्या सरासरीशी ताडा. तारीख मृत्यूची धरा, नोंदीची नको. लॉकडाऊनमध्ये तुंबलेल्या नोंदी नंतर एकदम झाल्या, तर भलत्याच महिन्यात लाट दिसते.

डॉक्टरांनी 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच कारण लिहू नये. हृदय शेवटी सगळ्यांचंच थांबतं. कोविड, त्यातून न्यूमोनिया, त्यातून श्वसन निकामी, अशी साखळी लिहा. 2021 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी पाव हिश्श्यालाही वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र नव्हतं. ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

21 दिवसांची मुदत उलटली म्हणून नोंद सोडू नका. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, वर्षाच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने.